ग्रुपवर 'की' बंद

पूर्णिमानं ग्रुप काढला, तिघांना त्यात घेतलं आणि कुणी फुलाबिलाचं चित्र टाकायच्या आत पहिला नियम लिहून मोकळी झाली. "या ग्रुपवर कुणीही 'की' लिहायचं न्हाय."

जयसिंगपूरच्या तोहिदनं लगेच विचारलं, का? पूर्णिमानं लिहिलं, "'का' चालंल. 'की' चालणार न्हाय." चंदगडची मोना नववीत होती, बाकीच्यांपेक्षा एका वर्षानं लहान. तिला कशातलंच काही कळलं नाही, पण तिनं अंगठा टाकला. आणि कोल्हापूरच्या राजवर्धननं दात दाखवणारी तीन तोंडं पाठवली. त्याला बरोबर कळलं होतं. कळायलाच पाहिजे होतं, कारण नियम त्याच्याचमुळं आला होता.

गोष्ट गेल्या वर्षीची, तोहिद आणि मोना नव्हते तेव्हाची. त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या चार शाखांनी मिळून जुन्या विहिरींची एक पुस्तिका करायची ठरली होती. उचगावच्या शाखेतली पूर्णिमा प्रमुख. चौघांनी चार गावांत बसून माहिती गोळा करायची आणि कोल्हापूरच्या शाखेतल्या राजवर्धननं सगळं एका फाइलीत घालून गुरुवारी पाचच्या आत प्रकल्प बघणाऱ्या स्नेहल मॅडमना पाठवायचं. गुरुवारी चार वाजता पूर्णिमानं त्याला विचारलं, झालं का? त्यानं लिहिलं, "झालं की".

आता कोल्हापुरात कुणाला जेवलास का विचारलं आणि तो जेवलो की म्हणाला, तर त्याचा अर्थ पोट टम्म भरलंय आणि पुन्हा विचारू नकोस, असाच होतो. पूर्णिमानं मॅडमना सांगून टाकलं, फाइल गेली. फाइल काही गेली नव्हती. जाणार कुठनं, ती सुरूच झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन मीटिंगमध्ये चारही शाखांच्या शिक्षकांसमोर राजवर्धननं केसांवरनं हात फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, मी 'झालं की' एवढंच लिहिलतं. म्हणजे, झालं की पाठवतो. पूर्णविराम बी दिला नव्हता मी. हिनं घाईनं अर्धंच वाचलं."

शिक्षक हसले. त्यातले दोघं तर खुर्चीत मागं रेलून हसले. पूर्णिमानं कॅमेरा बंद केला आणि ओढणीनं डोळे पुसले. तेव्हा ती तशीच होती. पुढं वर्षभर तिला सगळे 'झालंकी' म्हणायचे. वर्गात बाईंनी हजेरीला तिचं नाव घेतलं की मागच्या बाकावरनं कुणीतरी बारीक आवाजात म्हणायचं, "झालं की".

एका वर्षात माणूस किती बदलतो ते उचगावला विचारा. पूर्णिमानं वेणी कापली. वक्तृत्वात तालुक्यात पहिली आली, तेही अशा विषयावर की बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांना घाम फुटला. मामाच्या लॅपटॉपवर शीट भरायला, त्यातनं बेरजा आणि आलेख काढायला शिकली. आणि यंदा प्रकल्पाचं नाव निघाल्यावर कुणी सुचवायची वाट न बघता स्वतः स्नेहल मॅडमना जाऊन म्हणाली, प्रमुख मीच होणार.

प्रकल्प पावसाचा होता. जुलैचे एकतीस दिवस, चार ठिकाणी, कापलेल्या बाटलीला पट्टी चिकटवून रोज सकाळी बरोबर साडेआठला पाऊस मोजायचा आणि मिलिमीटर ग्रुपवर टाकायचे. दोन ऑगस्टला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले बाळासो सर सगळं बघणार होते. त्यांना पटलं तर हेच काम संस्थेच्या चौदाच्या चौदा शाखांत वर्षभर चालणार होतं, आणि त्या चौदा शाखांवर प्रमुख एकच, म्हणजे आत्ताचा प्रमुख. तो चुकला, तर उपप्रमुख. उपप्रमुख म्हणून मॅडमनी नेमलं होतं राजवर्धनला.

चौदा शाखा! पूर्णिमाला ते पद दिवसासुद्धा डोळ्यांसमोर दिसायचं. आणि त्याच्या बरोबरीनं आणखी एक चित्र दिसायचं. बाळासो सरांसमोर राजवर्धन बसलाय, त्याच्या तोंडचं पाणी पळालंय आणि या वेळी कॅमेरा त्याला बंद करायचाय.

मॅडमनी सुचवलं, प्रत्येकाकडून रोज बाटलीचा फोटो मागव, म्हणजे शंकेला जागा नको. कुठल्याही शहाण्या प्रमुखानं ते लगेच ऐकलं असतं. पूर्णिमानं मान खाली घालून सांगितलं की मॅडम, टीम लांब असली म्हणजे विश्वास टाकावा लागतो. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते वाक्य शिक्षकांच्या खोलीत दोनदा सांगितलं. पूर्णिमाच्या पोटात काय होतं ते कुणाला माहीत? तिला राजवर्धनसाठी दार उघडं ठेवायचं होतं आणि दाराआड काठी घेऊन उभं राहायचं होतं.

दाराआडची जागाही ठरलेली होती. तिची आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण चिमणाबाई, राजारामपुरीत नवव्या गल्लीत राहायची. राजवर्धनचं घर आत्तीच्या घराच्या बरोबर समोर. आत्तीच्या गच्चीवरून त्याची गच्ची, गॅलरी आणि गॅलरीत वाळत घातलेला त्याचा टॉवेलसुद्धा दिसायचा. एक जुलैला सकाळी सव्वाआठला पूर्णिमा हातात कापलेली बाटली घेऊन आत्तीच्या दारात हजर झाली.

आत्तीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पावसाचं पाणी मोजाय उचगावहून इथवर आलीस? तुझ्या बाच्या घरावर पाऊस पडत न्हाय व्हय?"

शाळेचंच काम आहे, महिनाभर रोज येणार, शाळा अकराला भरते तोवर परत जाणार, असं पूर्णिमानं सांगितलं. आत्तीनं जास्त विचारलं नाही. रोज चहा मात्र प्यायला लावला.

पहिले तीन दिवस राजवर्धन डोळे चोळत गच्चीवर आला, बाटलीत डोकावला आणि गेला. पूर्णिमा पाण्याच्या टाकीमागनं बघत होती आणि मनातनं खचत होती, कारण पोरगं सुधारलेलं दिसत होतं. चौथ्या दिवशी तो आला नाही. साडेआठ वाजून एक मिनिटानं ग्रुपवर आकडा आला, "कोल्हापूर १२". पूर्णिमाच्या बाटलीत होते सत्तावीस. तिनं मोबाइलवर हवामानाचं पान उघडलं. तिथं बारा. ती एवढ्यानं हसली की पोरीला काय झालं बघायला आत्ती परातीतली भाकरी टाकून वर आली.

त्या दिवशी पूर्णिमानं फोनमध्ये एक फोल्डर काढला आणि त्याला नाव दिलं, आहेर. रोज साडेआठला आपल्या बाटलीचा फोटो, समोरच्या रिकाम्या गच्चीचा फोटो, आणि राजवर्धनच्या आकड्याचा फोटो. तीन-तीन फोटो रोज आहेरात पडायला लागले. नऊ तारखेला तर कहर झाला. राजवर्धनची बाटली गच्चीवरून गायब झाली आणि गॅलरीच्या गजाला टांगलेली दिसली, आत मनीप्लांट. त्याच्या आईनं लावला असणार, बाटलीवर मिलिमीटरची पट्टी तशीच. चार दिवसांनी त्याला नवं पान आलं, तेव्हा पूर्णिमाला आपल्यासमोर जेवणाचं पान वाढल्यासारखं वाटलं.

बाकीची टीम मात्र ती झकास चालवत होती, हे कबूल करायलाच हवं. दर रविवारी नऊ वाजता दहाच मिनिटं सगळ्यांनी बोलायचं, आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला, कुणाचं काय अडलंय? गेल्या वर्षी हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नव्हता. तोहिदचं अडलं होतं शून्यावर. जयसिंगपुरात पाऊस नावालाच. तो म्हणायचा, आमच्या बाटलीत मुंगीसुद्धा बुडत न्हाय, मी काय लिहू? मग लाजेकाजेनं तो एक-एक मिलिमीटर वाढवून लिहायला लागला. पूर्णिमाला ते कळलं, तेव्हा ओरडली नाही. शून्य हा आकडाच आहे, तो खरा असला की पुरे, असं समजावलं, आणि त्यानंतर तोहिद रोज मोठ्या ऐटीत शून्य टाकायचा.

मोनाचं उलटं. चंदगडला एका रात्रीत बाटली काठोकाठ भरायची, आणि घराजवळ रेंज नाही. ती वहीत वेळ आणि आकडा लिहायची, छत्री घेऊन टेकावरच्या देवळापर्यंत चढायची आणि तिथनं पाठवायची. कुणी मागितला नसताना फोटोही जोडायची. पूर्णिमानं तिला सांगितलं की उंच बरणी लाव, आणि पाऊस फार असला तर चढू नकोस, दोन दिवसांचं एकदम पाठवलंस तरी चालेल, वहीत वेळ लिहिलेली असली म्हणजे झालं. तरी मोना चढायचीच.

आणि राजवर्धनशी तर पूर्णिमा साखरेत घोळून बोलायची. तुझं काम अगदी घड्याळासारखं असतं बघ, असं ती सगळ्यांसमोर म्हणायची. तो म्हणायचा, "आपलं असंच असतंय, लीडर." ती मान डोलवायची आणि मनात म्हणायची, खा, आणखी खा.

या सगळ्यात एक बाटली राहिली. तिची स्वतःची.

साडेआठला राजारामपुरीत पोचायचं तर उचगावातनं साडेसातची केएमटीची बस धरावी लागायची. म्हणून ती घरच्या गच्चीवरची बाटली सात वाजता बघायची, आकडा तळहातावर लिहायची आणि साडेआठला आत्तीच्या गच्चीवरून ग्रुपवर टाकायची. शीटमध्ये वेळ पडायची साडेआठ. हे खोटं आहे असं तिला कधी वाटलंच नाही. बाटली तिची, डोळे तिचे, पाणी खरं. दीड तासात असं काय होणार होतं?

बावीस जुलैला ते झालं. सात वाजता उचगावच्या बाटलीत चार मिलिमीटर होते. ती बसमध्ये चढली आणि आभाळ फाटलं. राजारामपुरीत उतरेपर्यंत रस्त्याला ओढा आला होता. आत्तीच्या बाटलीत सेहेचाळीस. ग्रुपवर राजवर्धनचे आले पंचेचाळीस, कारण त्या दिवशी नेमकं मोबाइलवालं हवामान बरोबर निघालं होतं. पूर्णिमानं तळहातावरचा आकडा टाकला, "उचगाव ४".

परतीच्या बसमध्ये मोनाचा एकटीला मेसेज आला. "ताई, उचगाव आन कोल्हापूर लई लांब लांब हाईत व्हय? एकीकडं ४५ आन एकीकडं ४. चुकलं असंल तर शीट दुरुस्त कराल का? मला आलेख काढायचा हाय."

बस खड्ड्यांतनं चालली होती, खिडकीतनं पाणी आत येत होतं, दोन बायका सीटवरून भांडत होत्या. पूर्णिमाच्या बोटांनी उत्तर देऊन टाकलं. "झालं की".

पाठवल्यावर तिनं ते वाचलं. मग परत वाचलं. कुणीतरी मानेवर ओला हात ठेवावा तसं झालं तिला. मोनाचा अंगठा आला.

शीट काही तिनं उघडली नाही. उघडून लिहिणार काय? सातची वेळ लिहिली तर साडेआठला तू कुठं होतीस, हा प्रश्न येणार. मग आहेर आधीच फुटणार, राजवर्धन सावध होणार, बाटली परत गच्चीवर जाणार. एवढं वर्षभर पोसलेलं सुडाचं बाळ असं मधेच टाकायचं? दोन ऑगस्ट होऊ दे, मग करू, असं तिनं ठरवलं. तेवीसला पाऊस जवळजवळ नव्हता आणि उचगावात त्रेचाळीस भरले. तेही तिनं तसेच टाकले.

दोन ऑगस्टला दुपारी चार वाजता सगळे पडद्यावर आले. बाळासो सर, स्नेहल मॅडम, चौघं मुलं. पूर्णिमानं इस्त्रीचा गणवेश घातला होता आणि आहेर एका बोटाच्या अंतरावर ठेवला होता. तिनं सगळं असं मांडलं की मॅडमचा चेहरा फुलला. चंदगड कुठं आणि जयसिंगपूर कुठं, एकाच जिल्ह्यात दोन वेगळी आभाळं कशी, सगळं. शेवटचं वाक्य संपवून ती फोल्डरवर बोट नेणार, तेवढ्यात बाळासो सरांनी चष्मा वर केला.

"पोरी, बावीस तारीख बघ. कोल्हापूर पंचेचाळीस, उचगाव चार. आन तेवीसला कोरड्या दिवशी उचगावात त्रेचाळीस. मधी काय डोंगर उगवला व्हय गं?"

पूर्णिमानं बोट मागं घेतलं. ती काही बोलायच्या आत मोनानं आपला माइक सुरू केला. तिच्या मागं देवळाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. ती विश्वासानं म्हणाली, "सर, ते ताईंनी दुरुस्त केलंय. मी विचारलतं. त्यांनी 'झालं की' म्हणून सांगितलं. तुमच्याकडं जुनी शीट आली असंल."

राजवर्धनची मान ताडकन वर झाली. त्यानं केसांवरनं हात फिरवला. "सर, 'झालं की' म्हणजे झालं की सांगते, असं असंल त्यांचं. मोनानं घाईनं अर्धंच वाचलं."

तोहिदला हसू आलं. मॅडमनाही येऊ लागलं. पूर्णिमाला आता काहीच करायचं नव्हतं, नुसती मान हलवायची होती. चूक मोनावर गेली असती, हसण्यात विषय संपला असता, मग आहेर उघडायचा, राजवर्धनला झोपवायचा, आणि चौदा शाखा खिशात. तिनं मोनाच्या चौकोनाकडं बघितलं. मोना गोंधळून आपल्या हातातल्या आलेखाकडं बघत होती आणि तिचं बोट हळूच कॅमेऱ्याच्या बटणाकडं चाललं होतं.

पूर्णिमाचा जीव संतापानं वर आला. राजवर्धनला गाडायला ती निघाली होती आणि त्याचंच वाक्य, जसंच्या तसं, तिच्या तोंडात घालायला तो टपला होता. त्याचं उष्टं ती खाणार होती काय?

"मोनानं पूर्ण वाचलंय," ती म्हणाली. "खोटं मी लिहिलंय. दुरुस्त केलं न्हाय. उचगावचा पाऊस मी एकतीस दिवस सात वाजता मोजला आन साडेआठ लिहिलं."

राजवर्धनच्या तोंडावर हळूहळू ऊन पडल्यासारखं झालं. उपप्रमुखाचा प्रमुख होताना त्याला दिसत होता. पूर्णिमानं त्याला ते ऊन चांगलं खाऊ दिलं, दोन श्वासभर. मग म्हणाली, "कारण साडेआठला मी राजारामपुरीत असायची. नवव्या गल्लीत. राजवर्धनच्या घरासमोर."

आणि तिनं आहेर उघडला.

चार तारीख, त्याचे बारा, बाटलीतले सत्तावीस. पाच तारीख. सहा तारीख. रिकामी गच्ची, रिकामी गच्ची, रिकामी गच्ची. अठ्ठावीस दिवसांचे फोटो तिनं सावकाश दाखवले, एकही गाळला नाही. राजवर्धनच्या तोंडावरचं ऊन गेलं, मग रंग गेला. मनीप्लांट आला तेव्हा तोहिदनं तोंडावर उशी दाबून घेतली. शेवटी तर वेल गॅलरीच्या दुसऱ्या गजापर्यंत पोचला होता.

बाळासो सरांनी विचारलं, "हे झाड किती मिलिमीटर वाढलं रे महिन्यात?"

राजवर्धननं सांगायचा प्रयत्न केला की मोबाइलवरचं हवामानही अचूकच असतं. सर म्हणाले, ते मलाही दिसतं, त्यासाठी तुला बाटली दिली नव्हती. मग राजवर्धनचा चौकोन काळा झाला. पूर्णिमा त्या काळ्या चौकोनाकडं डोळे भरून बघत राहिली. वर्षभर ज्याची वाट बघितली, ते असं दिसतं होय! आईनं दसऱ्याला केलेल्या पुरणपोळीला आली नसती एवढी चव त्याला होती.

चव जिभेवर असतानाच सर तिच्याकडं वळले. ते ओरडले नाहीत, त्यामुळं जास्त लागलं. ते म्हणाले, "हा लबाडी करतोय हे तुला चार तारखेला कळलं. तवाच सांगितलं असतंस तर काम सुधारलं असतं. तू एकोणतीस दिवस थांबलीस. पोरी, तू टीम चालवत नव्हतीस, पाळत ठेवत होतीस. आन त्या पाळतीपायी स्वतःची बाटली सोडलीस."

वक्तृत्वातलं एकही वाक्य मदतीला आलं नाही.

काम मात्र वाया गेलं नाही. राजवर्धनचा रकाना खोडला गेला आणि त्या जागी आत्तीच्या गच्चीवरचे आकडे आले. उचगावच्या रकान्यावर मोठ्या अक्षरांत 'सकाळी सात' असं लिहिलं गेलं. वर्षभराच्या कामाला सरांनी होकार दिला. प्रमुख म्हणून त्यांनी नाव घेतलं मोनाचं. मोना घाबरून म्हणाली, सर, मला रेंज नसती. सर म्हणाले, तरी तुझी एक वेळ चुकली न्हाय, रेंजचं बघू आपण.

मीटिंग संपल्यावर पूर्णिमानं लॅपटॉप मिटला. चौदा शाखा गेल्या होत्या. एकदा वाटलं रडावं. मग काळा चौकोन आठवला आणि रडू मधेच थांबलं. मोनाला मात्र तिनं फोन लावला, तीनदा तुटला, चौथ्यांदा लागला, आणि ती फक्त "चुकलं माझं" म्हणाली. मोना म्हणाली, व्हय, चुकलंच, आणि उद्यापासून नवा ग्रुप काढतेय.

नव्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला मेसेज आला. "राजवर्धनदादा, कोल्हापूर, रोज साडेआठ, फोटोसकट. पूर्णिमाताई, उचगाव, रोज साडेआठ, फोटोसकट. दर रविवारी आळीपाळीनं एकमेकांची बाटली जाऊन तपासायची, त्या दिवशी जाणाऱ्याच्या बाटलीचा फोटो घरच्यांनी काढायचा. पहिल्या रविवारी दादांनी उचगावला जायचं. साडेआठच्या आत."

पूर्णिमानं ते चार वेळा वाचलं. राजारामपुरीतनं साडेआठला उचगावात यायचं म्हणजे रविवारच्या दिवशी साडेसहाला उठणं आलं, ऐन पावसात बसची वाट बघणं आलं, आणि वर तिच्या गच्चीवर, तिच्यासमोर, बाटलीत वाकून बघणं आलं. आणि असे रविवार एक सोडून एक, वर्षभर. मोनाला हे मुद्दाम सुचलं की सहज, ते कळायला मार्ग नव्हता. ती पोरगी दिसते तेवढी साधी नाही, हे पूर्णिमाला पहिल्यांदाच कळलं.

ती उड्या मारत स्वयंपाकघरात गेली आणि आईला सांगून ठेवलं की रविवारी सकाळी कोल्हापूरहून एक पावणा येणार हाय, त्याला चहा विचारायचा न्हाय.